पट्टा बरोबर चालत होता, साहेब

माझा डावा कान फौजेत राहिला. लोकांना वाटतं लढाईत गेला असेल. तसं काही नाही. मी मशीनगनवर नंबर दोन होतो. नंबर एक गनच्या मागे बसून फायर करतो आणि नंबर दोन तिच्या उजव्या अंगाला पोटावर पडून तिला गोळ्यांचा पट्टा देत राहतो. म्हणजे डावा कान सदा तिच्याकडे. नऊ वर्षं तसा पडून काढल्यावर त्या कानात एक बारीक शिट्टी तेवढी उरली, दुसरं काही नाही.

त्र्याऐंशी साली मी पेन्शनीवर सौंसरला घरी आलो, तेव्हा बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलीचं लग्न तिच्या मामांनी लावून दिलं होतं, ती नागपूरकडे नांदत होती. घराची किल्ली शेजाऱ्यांकडे होती. कुलूप उघडलं, ट्रंक आत ठेवली, आणि लक्षात आलं की ह्या घरात मी सलग दोन महिनेसुद्धा कधी राहिलो नव्हतो. तिखटाचा डबा कुठला आणि मिठाचा कुठला हेही मला ठाऊक नव्हतं.

सहा महिन्यांनी बँकेत गार्डची नोकरी लागली. दाराशी एक स्टूल, खांद्याला बारा बोरची बंदूक, अंगात खाकी. कापसाच्या आणि संत्र्याच्या दिवसांत बँकेत गर्दी असायची, पण बंदूकवाल्या माणसाशी कोणी आपणहून बोलत नाही. त्यात डाव्या बाजूनं कोणी बोललं तर मला कळायचं नाही, आणि लोक म्हणायचे, गार्ड मोठा मिजासखोर आहे. मी खुलासा केला नाही. संध्याकाळी घरी जाऊन एका माणसाची भाजी करायची. एका माणसाची भाजी करणं मला कधी जमलं नाही. ती नेहमी जास्तच व्हायची, आणि सकाळी तीच पुन्हा गरम करायची.

हे सगळं सोसता आलं असतं. फौजेत एकटं राहण्याची सवय होतेच. पण माझ्या मनात एक गोष्ट अडकून बसली होती आणि ती ज्याला सांगायची तो माणूस फार दूर नव्हता. सौंसरहून पांढुर्ण्यापर्यंत बस आणि तिथून रेल्वेनं तिगाव, एवढाच काय तो रस्ता.

तो माझा नंबर एक. आम्ही भरतीच्या ट्रेनिंगमध्ये भेटलो. बराकीत सगळे देशभरचे, कोणाची भाषा कोणाला कळत नव्हती. पहिल्या आठवड्यात एकजण बूट घासता घासता स्वतःशीच म्हणाला, "काऊन बे, निघून नाही राहिला हा डाग." मी ते ऐकलं, ही तर आपली बोली. उठून त्याच्याशेजारी जाऊन बसलो. तो तिगावचा निघाला, मी सौंसरचा. दोघांचीही घरं मजुरीवर चालणारी, दोघांच्याही घरी भिंतीवर बुद्धाची एकच तसबीर. पुढं गनही आम्हाला एकच मिळाली. नऊ वर्षं आम्ही एका गनवर होतो. बायकोबरोबर मी जेवढे दिवस काढले त्याच्या कितीतरी पट दिवस त्याच्याबरोबर काढले.

आमची गन जुनी, पाण्याची. नळीभोवती पाण्याचं पिंप, फायर चालू राहिला की पाणी उकळायला लागायचं आणि वाफ निघायची. पट्टा कापडी, जाड कॅनव्हासचा. त्यात ओळीनं अडीचशे घरं शिवलेली, प्रत्येक घरात एक गोळी. गोळ्या सगळ्या एका रेषेत बसल्या पाहिजेत. एखादी थोडी पुढं, एखादी थोडी मागं राहिली की गनच्या तोंडाशी पट्टा अडतो. कॅनव्हास पावसात भिजला तर फुगतो, आणि वाळला की आखडतो. म्हणून पट्टा भरणं ही नंबर दोनची इज्जत समजली जायची. मी भरून झाल्यावर सगळा पट्टा ताणून, एक डोळा मिटून एका टोकाकडून पाहायचो. सुतार रंधा मारलेली फळी पाहतो तसा.

गन थांबली की फौजेत त्याला 'रोक' म्हणतात, आणि ती काढण्याच्या उपायाला 'फौरी इलाज'. त्या गनची एक चांगली गोष्ट होती. रोक कशाची आहे ते ती स्वतः सांगायची. उजव्या अंगाला एक हँडल होतं. गन थांबली की ते चारांपैकी एका जागी येऊन उभं राहायचं. पहिल्या जागी असेल तर एक बिघाड, दुसऱ्या जागी असेल तर दुसरा. हँडल तिसऱ्या जागी थांबलं की समजायचं, पट्टा आत नीट जात नाही. तिथं दोनच गोष्टी असू शकतात. एक तर पट्ट्यात गोळी वाकडी बसली आहे, नाहीतर पट्टा धरून ठेवणारे आतले खटके ढिले झाले आहेत. त्या खटक्यांच्या मागं छोट्या स्प्रिंगा असतात. स्प्रिंग दमली की खटका पट्ट्याला धरत नाही आणि पट्टा जेवढा आत ओढला जातो त्यातला थोडा मागं घसरतो. मग पुढची गोळी आपल्या जागी येतच नाही.

हे सगळं मला तेव्हाही तोंडपाठ होतं. म्हणूनच पुढं जे झालं त्याची लाज जास्त.

एकदा मोठ्या साहेबांसमोर फायरचं प्रात्यक्षिक ठरलं. आदल्या दिवशी अवेळी पाऊस झाला आणि पट्टे भिजले. चुलीजवळ धरून वाळवले, मग मी भरायला बसलो. पट्टा भरायचं यंत्र दुसऱ्या प्लाटूनकडे गेलेलं, म्हणून हातानंच. दोनशेपर्यंत आलो असेन तेवढ्यात डाकवाल्यानं पत्र आणून दिलं. बायकोचं होतं. तिला लिहिता येत नव्हतं, शेजारणीकडून लिहून घ्यायची, आणि दोन-तीन महिन्यांत एखादं यायचं. मी पत्र खिशात घातलं आणि उरलेल्या गोळ्या भराभर दाबल्या. पट्टा ताणून पाहिला नाही. गुंडाळून पेटीत घातला आणि पत्र वाचायला गेलो. पत्रात विशेष काही नव्हतं. मुलगी भाकरी थापायला शिकली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गन थांबली. चाळीसेक गोळ्या गेल्या असतील. मी हँडलकडे पाहिलं, तिसरी जागा. पट्टा खेचला, त्यानं हँडलवर हात मारला, गन चालू झाली. थोडी चालली आणि पुन्हा थांबली. पुन्हा तिसरी जागा. त्यानं ओरडून पट्टा बदलायला सांगितलं. मी दुसरा पट्टा लावला. तीसेक गोळ्यांनंतर तोही थांबला. मागे टेकाडावर खुर्च्या मांडून मोठे साहेब लोक दुर्बिणी घेऊन बसले होते. सगळ्या मैदानात शांतता झाली. अशा शांततेत गनमधलं पाणी उकळताना ऐकू येतं. मग शिट्टी झाली आणि आमच्या शेजारच्या गनला फायर करायचा हुकूम मिळाला.

संध्याकाळी तंबूत चौकशी झाली. एक कॅप्टन साहेब टेबलामागे, बाजूला लिहून घेणारा. आधी जोडीदाराला आत घेतलं. मी बाहेर उभा होतो, पण कनातीतून ऐकू येत होतं. तो म्हणाला, "साहेब, खटक्याची स्प्रिंग कमजोर आहे. पट्टा मागं घसरत असणार." साहेबांनी हत्यारं दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, गन परत आल्याबरोबर मी तिचा तो भाग उघडून साफ केला, स्प्रिंगा नेहमीप्रमाणे बदलल्या, जुन्या बाकीच्यांत गेल्या. आता कोणती कमजोर होती ते सांगता येणार नाही.

मग मला आत बोलावलं.

"नंबर दोन, पट्टा तुझ्या हातात होता. कसा चालत होता?"

माझ्या डोळ्यांपुढं फक्त त्या शेवटच्या पन्नास गोळ्या आल्या. मला वाटलं, पट्ट्यात काही खोट होती असं म्हटलं की पट्टे मागवतील, टेबलावर पसरतील, आणि एका रेषेत नसलेल्या गोळ्या सगळ्यांसमोर दिसतील.

"बरोबर चालत होता, साहेब."

"हाताला काही वेगळं लागलं? अडला, घसरला?"

"नाही, साहेब."

लिहून घेणाऱ्यानं लिहिलं. झालं. पट्टा बरोबर, गन बरोबर, म्हणजे चूक नंबर एकची. फायरच्या आधी गन तपासली नाही आणि रोक वेळेत काढली नाही, असा ठपका. त्याच्या बाहीवरची हुद्द्याची फीत उतरली. त्याला गनवरून काढून स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजायला बसवलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही असं नाही. बोलायचा, पण कामापुरतं. वर्ष-दीड वर्षानं त्याची मुदत भरली आणि तो घरी निघाला. ट्रंक घेऊन बराकीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चाललो." मी म्हणालो, "सांभाळून जाय." एवढंच आम्ही बोललो.

गन मला मिळाली. पुढं फीतही मिळाली. शेवटची तीन वर्षं मी उस्ताद होतो, नवीन भरतीला रोक आणि फौरी इलाज शिकवायचो. हँडल तिसऱ्या जागी आलं म्हणजे काय समजायचं, हे मी किती पोरांना शिकवलं असेल त्याची गणती नाही. दर वेळी तो धडा आला की मी फळ्याकडे तोंड करून बोलायचो.

गावी आल्यावर मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पांढुर्ण्याच्या बस स्टँडवर. बाजाराचा दिवस होता. मी बँकेच्या कामानं तिकडं गेलो होतो आणि सौंसरच्या बसची वाट पाहत होतो. समोर एका ट्रकजवळ संत्र्याच्या पेट्या लागत होत्या आणि तो दोरी आवळत होता. केस पिकले होते, पण दोरीला गाठ मारायची पद्धत तीच. त्यानं मान वर केली. आमची नजर भेटली. मी हात उचलला की नाही ते आता आठवत नाही. त्यानं मान खाली घातली आणि पुढची गाठ मारायला घेतली. माझी बस आली, मी चढलो. बोरगाव येईपर्यंत मी खिडकीच्या दांडीला धरून बसलो होतो. हाताला गंज लागला तेव्हा कळलं.

त्यानंतर सात-आठ महिने मी रोज ठरवायचो की ह्या रविवारी जायचं. रविवार आला की कपडे धुवायचो, घर झाडायचो, आणि दुपार करून टाकायचो. कोणी विचारणारं असतं तर बरं झालं असतं. "काय झालं हो, काऊन असे बसून राहिले?" एवढं जरी कोणी म्हटलं असतं तरी मी बोलून मोकळा झालो असतो. पण घरात कोणी नव्हतं आणि बँकेत माझं स्टूल बाहेर होतं.

शेवटी थंडीत एका रविवारी गेलो. सकाळची बस धरली, पांढुर्ण्याला पॅसेंजर मिळाली, तिगावला उतरलो. स्टेशनवर दोनच माणसं उतरली. त्याचं घर विचारत गेलो. तो दुसऱ्याचा संत्र्याचा बगीचा राखून होता आणि तिथंच दोन खोल्यांत राहत होता. अंगणात त्याची बायको तूर पाखडत होती. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं, तिनंही मला नाही. मी सांगितलं, सौंसरहून आलो, फौजेत बरोबर होतो.

तिनं सूप खाली ठेवलं. "तुमीच का ते नंबर दोन?"

मी हो म्हणालो. माझं नाव तिला ठाऊक नव्हतं. त्या घरात मी नंबर दोनच होतो.

"बगीच्यात हायेत. झाडाईले लेप लावून राहिले," ती म्हणाली. मग सूप उचलत, "जा भाऊ. पन त्याईचा आवाज चढला तं मनावर घेऊ नका."

तो संत्र्याच्या बुंध्यांना मोरचूद आणि चुन्याचा लेप लावत होता. हातात कुंचा, कोपरापर्यंत निळे हात. मला पाहून तो थांबला नाही. झाड पुरं केलं, मग म्हणाला, "आला?"

"आलो."

"बस मंग. तिथं मातीवर नको बसू, वल्ली हाय."

मी उभाच राहिलो. येताना रस्ताभर काय बोलायचं ते जुळवून आणलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी सरळ सुरुवात केली. पत्राचं सांगितलं, शेवटच्या पन्नास गोळ्यांचं सांगितलं, पट्टा ताणून पाहिला नाही ते सांगितलं. "चूक माही होती. तुही फीत माह्यामुळं गेली. साहेबाले मी खोटं सांगितलं का पट्टा बरोबर होता म्हणून."

तो कुंचा बादलीत ठेवून ऐकत होता.  मग रागावून नाही, अगदी उस्तादासारखं विचारलं, "दुसरा पट्टा कोनं भरला होता?"

"कोणता दुसरा?"

"मी बदलाले सांगतलं तो."

मी आठवायला लागलो. "तो... तो स्टोअरातला होता. सीलबंद पेटीतला. यंत्रावर भरलेला."

"कोरडा?"

"कोरडा."

"मंग तो काऊन अडला बे?"

नऊ-दहा वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. मी तीन रोका एकत्र धरल्या होत्या आणि तिन्ही आपल्या नावावर घेतल्या होत्या. ज्या पोरांना शिकवायचो त्यांना मी म्हणायचो, पट्टा बदलूनही हँडल तिसऱ्याच जागी थांबलं तर पट्ट्याला दोष देऊ नका, आत पाहा. स्वतःच्या बाबतीत मला तेवढं सुचलं नव्हतं.

"इकडं ये," तो म्हणाला. खोलीच्या मागं एक मोडकी बाज उभी करून ठेवली होती. तिच्या विणीची सुटलेली कापडी पट्टी, म्हणजे नेवार, त्यानं ओढून काढली, हातभर रुंदीच्या दोन दगडांमधून घातली आणि मला म्हणाला, "पड."

"आं?"

"नंबर दोनच्या जागी पड. पट्टा हातात घे."

मी त्या ओल्या मातीत पोटावर पडलो. बँकेच्या नोकरीनं पोट सुटलं होतं, खाली पडताना दम लागला. नेवार दोन्ही तळहातांवर घेतली, पूर्वी घ्यायचो तशी. दुसरं टोक दगडांपलीकडं त्याच्या हातात होतं.

"आता आठव. गन चालून राहिली. डोळे मीट पाह्यजे तं." त्यानं नेवार झटक्यानं ओढली आणि तिथंच घट्ट धरली. पुन्हा ओढली, पुन्हा धरली. "असा जात होता का?" नंतर त्यानं ओढली आणि किंचित सैल सोडली. नेवार माझ्या तळहातावर बोटभर मागं आली. ओढली, सोडली. ओढली, सोडली. "का असा?"

डोळे मिटायची गरज पडली नाही. हाताला आठवलं. त्या दिवशी मैदानावर पट्टा दर वेळी माझ्या तळहातावर मागं येत होता. मऊ, जरासा, कोणी आतून परत करत असल्यासारखा. मला तेव्हाही ते जाणवलं होतं. पण माझं सगळं ध्यान त्या शेवटच्या पन्नास गोळ्यांवर होतं, त्या कधी येतात आणि मी कधी पकडला जातो ह्यावर. आणि त्या तर आल्याच नव्हत्या. गन चाळीस गोळ्यांत थांबली होती. माझ्या घाईच्या गोळ्या पेटीच्या तळाशी तशाच राहिल्या होत्या.

"मागं येत होता," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं. दोन्ही पट्टे."

त्यानं नेवार सोडून दिली. तिथंच उकिडवा बसला. निळे हात गुडघ्यांवर. म्हणाला, "मले वाटलं मी आपल्या मनालेच खोटं सांगून राहिलो. साहेबानं मले वाचून दाखवलं ना, नंबर दोन म्हनते पट्टा घसरला नाही. मी म्हटलं, ह्याच्या हातात होता, ह्याले कळंन. नऊ वर्सं बरोबर राहिलेला मानूस, तो काऊन खोटं बोलंन? मंग माह्यीच चूक असंन. रोज फायर आठवतो मी. रोज. हँडल मारलं ते बरोबर मारलं का, पानी पाह्यलं होतं का. काहीच नाही सापडलं. तरी म्हटलं, असंन."

मी उठून बसलो. छातीला माती लागली होती, ती झटकायचं सुचलं नाही. "मले मालूम नव्हतं," एवढंच म्हणालो.

"तुहा पट्टा चांगला होता," तो म्हणाला. "खोटं बोलला ते चांगलं नाही केलं."

 मी आपली एक चूक कबूल करायला आलो होतो. ती चूक माझी नव्हतीच, हे त्यानं पाच मिनिटांत दाखवून दिलं, आणि खरी चूक कोणती तेही. न केलेला गुन्हा लपवण्यासाठी मी, त्याचा एकमेव साक्षीदार, नाहीसा झालो होतो.

"मी लिहून देतो," मी म्हणालो. "रेकॉर्ड ऑफिसले अर्ज करू. सही करून देतो का पट्टा घसरत होता."

"कोनाले देतं?" तो पहिल्यांदा थोडा हसला. "तो कॅप्टन कोठी असंन आता? ती गन भंगारात गेली असंन. मले फीत लावून का झाडाईले लेप लावाचा हाय?"

वहिनींनी जेवायला हाक मारली. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. वहिनींनी माझ्या शर्टावरची माती पाहिली, मागची नेवार पाहिली, आणि पाण्याचे तांबे आणून ठेवले. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्या ताटात न विचारता भाकरी वाढत होतं.  

तो जेवून उठला, हात धुतले आणि म्हणाला, "तुह्या गाडीचा टाइम झाला."

गाडीला दोन तास होते, हे त्यालाही माहीत होतं. मी चपला घातल्या. तो दारापर्यंतही आला नाही, बगीच्याकडे वळला. वहिनी मात्र बांधापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भाऊ, हे माह्याशी कधी बोलले नाही ह्यातलं. फक्त झोपेत मोजतात. चाळीस, एकेचाळीस. मले वाटे पेट्या मोजून राहिले."

तिगावच्या स्टेशनवर मी दोन तास बाकावर बसलो. एक मालगाडी गेली. प्लॅटफॉर्मवर एक म्हातारी वाळलेली बोरं घेऊन बसली होती, ती मला काहीतरी विचारत होती, मी नुसती मान हलवत होतो. मला वाटलं होतं की सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीशी भांडत होतो ती तरी ओळखीची होती. आता तीही गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. तिच्याबरोबर कसं राहायचं ते मला अजून शिकायचं होतं. आणि ह्यावर बोलावं असा जगात एकच माणूस होता, आणि त्यानं मला गाडीची वेळ सांगितली होती.

सौंसरला आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. स्टोव्ह पेटवला नाही. पाणी पिऊन पडून राहिलो.

त्या आठवड्यात मी एक कागद लिहिला. कुठल्या ऑफिसात पाठवायला नाही. पट्टा कसा चालत होता ते जसं घडलं तसं, दोन्ही पट्ट्यांचं, खाली सही आणि माझा फौजेतला नंबर. पाकिटात घालून, मागं बँकेचा पत्ता लिहून, त्याच्या पत्त्यावर टाकला. पोच आली नाही, मी वाटही पाहिली नाही. म्हणजे वाट पाहिली, पण ती पाहायचा मला हक्क नाही असं स्वतःला सांगत पाहिली.

पावसाळा सुरू झाल्यावर बँकेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. कॅशियरनं आतून हाक मारून दिलं. अक्षर ओळखीचं होतं. "संत्र्याचे कलमं आले. मजूर भेटून नाही राहिला. रविवारी येशील तं ये. कागद भेटला." वर कोणाला लिहिलं ते नव्हतं, खाली सही नव्हती.

मी गेलो. त्यानं खड्डे खणून ठेवले होते. मी कलम सरळ धरायचं, त्यानं माती लोटायची. दिवसभरात साठ झाडं लागली. गनचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. तो झाडांबद्दल बोलत होता. ह्या मातीत पाणी थांबते, त्या कोपऱ्यात डिंक्या रोग येते, मालक ऐकत नाही. संध्याकाळी वहिनींनी फडक्यात चार भाकऱ्या बांधून दिल्या.

त्यानंतर अशी कार्डं येत राहिली. कधी दोन महिन्यांनी, कधी चार. तोडणी आहे, ये. कुंपण करायचं आहे, ये. काम नसेल तर कार्ड नसायचं. एकदा वहिनी म्हणाल्या, "काम नसलं तरी येत जा ना, भाऊ." मी त्याच्याकडे पाहिलं. तो कुदळीचा दांडा ठोकत होता, त्यानं मान वर केली नाही. म्हणून मी आपणहून कधी गेलो नाही. ज्या रविवारी कार्ड नसेल त्या रविवारी मी घरी असायचो, कपडे धुवायचो, घर झाडायचो. पण सोमवारी बँकेत गेल्यावर डाक आली का म्हणून कॅशियरला विचारायला मी खिडकीपाशी जायला लागलो होतो. तोही मग दोन शब्द बोलायचा.